आब्रामची इंजिनं

शनिवारी संध्याकाळी लीना टेव्सने विमानाच्या दोन्ही इंजिनांतलं तेल काढून डब्यांत भरलं आणि तेल गोठू नये म्हणून डबे तंबूतल्या शेगडीशेजारी मांडून ठेवले. रोजचं काम होतं ते; इंजिनं अजून एकदाही सुरू केली नव्हती, तेल घालून पाती नुसती हाताने फिरवायची. मग हात पुसता पुसता तिने सांगून टाकलं, "उद्या काम नाही. रविवार आहे."

वैमानिक ग्लेन मॅकरे बूट काढत होता. एक पायात, एक हातात, तसाच थबकला.

"अगं बाई, थट्टा करतेस ना?"

"मी कधी थट्टा करते का?"

"तेच तर दुखणं आहे तुझं. अगं, विमान आज ओढत बर्फावर आणून उभं केलंय. तळं अजून दगडासारखं घट्ट आहे. उद्या थंडी आहे, वारा समोरून आहे, आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. सोमवारपासून दक्षिणेचा वारा येतोय म्हणून रेडिओवाला ओरडतोय. आणि तू म्हणतेस रविवार!"

"मी म्हणत नाही. आहेच रविवार."

ग्लेनने हातातला बूट आपटला. "चाळीस वर्षांहून जास्त हे धूड इथं किनाऱ्यावर पडलं होतं. दोन उन्हाळे आपण त्याच्यापायी बोटं गोठवली. देवाला एक रविवार चालणार नाही?"

"देवाचं देव बघेल. मला चालणार नाही."

तंबूच्या दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून, लीनाचा धाकटा भाऊ इसाक खोक्यावर बसून बटाट्याची भाजी खात होता. तो बहिणीच्या पंगतीला बसत नव्हता. दूर दक्षिणेला मॅनिटोबातल्या त्यांच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीने लीनाला गेल्या वर्षी वसंतातच वाळीत टाकलं होतं. शस्त्राला हात न लावणारी माणसं ती, आणि ही बाई युद्धातलं बॉम्बफेकी विमान उडवत घरी आणायला निघाली होती! इसाक मंडळीच्या चांगल्या माणसांतला. बहिणीला एकटं कसं सोडायचं म्हणून आला होता. पण नियम तो जगाच्या या उत्तर टोकावरही मोडत नव्हता. हातोडी तिच्या हातात द्यायची तर आधी जमिनीवर ठेवायचा, मग ती उचलायची. ग्लेन पहिल्यांदा हे पाहून पोट धरून हसला होता. नंतर हसायचा थांबला.

लीनाला याचं नवल नव्हतं. ती अशाच घरात वाढली होती. बाप आब्राम युद्धाच्या काळात हवाई दलात यांत्रिक म्हणून गेला आणि परत आला तो वाळीत पडूनच. स्वतःच्या घरात तो खिडकीपाशी वेगळ्या मेजावर जेवायचा. आई नियमाची पक्की. त्याचं ताट वाढायची, पण शेजारी बसायची नाही. तो मात्र रविवार कधी चुकला नाही. आत बसायची बंदी म्हणून प्रार्थनाघराच्या पायरीवर उभा राहून गाणी म्हणायचा, बर्फ पडत असलं तरी.

आणि त्या माणसावर एक ठपका होता. युद्ध संपल्यावर नकाशाच्या कामावर निघालेलं त्याचं विमान या तळ्याकाठी उतरलं होतं. माणसं वाचली, विमान राहिलं. उपदेशकांनी भर सभेत सांगितलं, "जो तलवारीच्या चाकरीला जातो, त्याच्या हातचं काम देव टिकू देत नाही. इंजिनं बंद पडली ती उगीच नाही." आब्राम पायरीवरून म्हणाला होता, "इंजिनं बंद पडली नाहीत. होकायंत्र चुकलं, वाट चुकली, पेट्रोल संपत आलं. इंजिनं मी माझ्या हाताने बंद केली. उद्या सुरू करा, सुरू होतील." कोणी मागे वळून पाहिलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला, तरी तेच म्हणत गेला. त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं.

म्हणून लीनाने टायर बदलले, नळ्या बदलल्या, पंखांवर ठिगळं लावली, पण इंजिनं बदलू दिली नाहीत. बापाचीच हवी होती. ती गावावरून घुमली पाहिजेत आणि सगळ्या माना वर झाल्या पाहिजेत, एवढंच तिचं मागणं होतं.

रविवारी लीनाने शेगडीवर पाणी ठेवलं, वेणी घातली, डोक्याला रुमाल बांधला आणि विमानाच्या सावलीत बसून गाणी म्हटली. दिवस खरोखरच लख्ख होता. बर्फ टणक. ग्लेन तळ्यावर येरझारा घालत स्वतःशीच शिव्या पुटपुटत होता.

दुपारी इसाक आला. चार हात दूर उभा राहिला.

"ताई."

"बोल."

"मी तिकडे टेकडीमागे जातो. सशांच्या मागे गेलो होतो म्हणेन. काय उडालं, कधी उडालं, मला ठाऊक नाही."

लीना त्याच्याकडे बघतच राहिली. मंडळीचा हा खांब चक्क वाकत होता! तिला हसू आलं.

"इसाक, आज उडालं तर खाली गावातले काय म्हणतील?"

"कोणाला कळणार आहे?"

"मला. बाबांनी एवढं सोसलं, पण रविवार सोडला नाही. तो काय उपदेशकांच्या बापाचा होता? बाबांचा स्वतःचा होता. मंडळीने माझं ताट वेगळं केलं म्हणून मी माझा नेम का मोडू?"

"विमान जाईल, ताई."

"जाईल तर जाईल. उद्या पहाटे तेल तापव."

सोमवारी वारा आला तो दक्षिणेचा, ओला, घरच्या मार्चमधल्यासारखा उबदार. किनाऱ्यावरचा ओढा फुटला होता. बर्फाखालून आणि बर्फावरून, दोन्हीकडून त्याचं पाणी तळ्यात शिरत होतं. तळ्याची लांब सरळ बाजू ओढ्याच्या मुखापासूनच सुरू होत होती, म्हणून विमान तिथेच उभं केलेलं. त्याची चाकं आता पाण्यात होती.

ग्लेनने टाच मारून बर्फ पाहिला. टाच खोल गेली. "काल—" तो म्हणाला आणि त्याने बुटावरचं पाणी झटकलं.

"बस आत," लीना म्हणाली.

कोमट तेल ओतलं. ग्लेन चालकाच्या जागी, लीना त्याच्या शेजारी. उजवं इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर ओकलं आणि त्याने लय धरली. डावं तर पहिल्याच झटक्यात पेटलं. सगळं धूड थरथरू लागलं. तेलाच्या दाबाचा काटा उठला, जागेवर आला आणि हलेना. बदकं तळ्यावरून उठून पळाली. बाहेर इसाक टोपी हातात घेऊन उभा होता. टोपी काढल्याचं त्याला कळलंही नसावं.

"ऐक," लीना म्हणाली. "ऐक जरा!"

"ऐकतोय, बाई," ग्लेन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "सोनं आहे सोनं."

त्याने जोर दिला. विमान हललं, पाणी उडवत पुढे सरकलं, वेग धरू लागलं आणि डावीकडे कचकन बसलं. चाक बर्फातून आरपार गेलं होतं. पंख पाण्याला टेकला. डाव्या पात्यांनी बर्फाचा भुगा उडवला, ती वाकली, आणि ते इंजिन धक्क्याने थांबलं.

"उतर! बंद कर ते दुसरं, उतर!" ग्लेन ओरडला.

"तू उतर."

"लीना, बुडतंय हे!"

"बुडू दे. बंद माझ्या हाताने होणार नाही."

ग्लेन वरच्या झडपेतून बाहेर पडला. किनाऱ्यावरून इसाक ओरडत होता, ताई, ताई. लीना बसून राहिली. उजवं इंजिन एकटंच, न अडखळता, गरजत होतं. पाणी तिच्या घोट्यांशी आलं, मग पोटऱ्यांशी. थंडीने पाय आपले वाटेनासे झाले, तेव्हा कुठे ती उठली, झडपेतून पंखावर आली आणि गुडघ्यांवर सरकत पुढे निघाली. इसाक बर्फावर पालथा पडून सरपटत आला होता. त्याने तिचं मनगट पकडलं, आधी जमिनीवर काही ठेवलं नाही, आणि तिला ओढून घेतलं.

मागे इंजिन अजून चालूच होतं. नाक खाली गेलं, पाती पाण्यात शिरली, वाफेचा लोट उठला, आणि मग तळ्यावर एवढी शांतता पसरली की ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला. शेपूट तेवढं वर राहिलं.

ग्लेन शेगडीपाशी तिच्या पायांना घोंगडी गुंडाळत होता. "एक रविवार," तो म्हणाला. रागाने नव्हे, पण म्हणालाच. "काल उडालं असतं."

"असतं."

"पस्तावलीस?"

"नाही. पुढच्या आठवड्यातही रविवार येईल, तोही पाळीन." तिचे दात वाजत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "इसाक, काय ऐकलंस?"

"ताई, आधी गरम हो."

"काय ऐकलंस?"

इसाक खाली बघत राहिला. "दोन्ही सुरू झाली. डावं पहिल्या झटक्यात. उजवं पाणी शिरेपर्यंत थांबलं नाही."

"हे तू मंडळीत सांगायचं. उभं राहून. माझं कोणी ऐकणार नाही, ग्लेन तर त्यांच्या लेखी दारुडा—"

"आभारी आहे," ग्लेन म्हणाला.

"—पण तू त्यांचा आहेस. उपदेशकांनी भर सभेत बाबांना खोटं पाडलं, तू भर सभेत खरं करायचं. 'इंजिनं आब्रामनेच बंद केली होती,' एवढंच बोल. विमान बुडालं तेही सांग, काही लपवू नको."

"वाळीत टाकतील मला."

"टाकतील."

"बायकोपोरं आहेत, ताई."

"बाबांनाही आई होती, आपण होतोच की."

इसाक उठला. बाहेर जाऊन त्याने तंबूची एक खुंटी ठोकली, जी ठोकायची काही गरज नव्हती. परत आला तेव्हा कान लाल झाले होते.

"उपदेशक मधेच बोलू लागले तर?"

"तर आवाज चढव," लीना म्हणाली. "गाणी म्हणताना तर छत उडवतोस."