सीटच्या दांड्यावरची खूण

"परत! परत वर जा आणि परत तशीच ये!" लिफ्टवाला काठी हवेत नाचवत ओरडला. त्याची बायको टेकडीच्या तिसऱ्या वळणावर आडव्या पडलेल्या सायकलशेजारी गवतात बसून कोपर चोळत होती.

"अहो, पडले मी! दिसलं नाही का?"

"तेच तर बघायला आलोय. परत पड!"

असला नवरा नशिबी असावा लागतो. पण ती हसली, कारण लिफ्ट दुरुस्त करताना तिच्या खड्ड्यात पडून खुबा मोडल्यापासून तो आजपर्यंत टेकडीकडे फिरकलाच नव्हता. टेकडी उतरायची त्याची सायकल गंजू नये म्हणून तिने चालवायला घेतली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा बसवणारी बाई, आणि उताराचं असं वेड लागलं की विचारू नका. त्याची अट एकच होती. फिरून आलं की सीट वर करून तिच्या दांड्यावरच्या त्याच्या पांढऱ्या खुणेवर आणून ठेवायची. "मी कधीही बसेन," तो म्हणायचा. ती त्याच्याहून वीतभर बुटकी. रोज सीट खाली घ्यायची, रोज वर करायची, आणि त्याबद्दल दोघं अवाक्षर बोलायची नाहीत.

उद्या चाळिशीपुढच्या बायकांची शर्यत होती. सरळ उतारावर ती सगळ्यांच्या पुढे असायची आणि वळण आलं की गल्लीतली बेकरीवाली वळणाच्या आतल्या बाजूने पुढे निघून जायची. दर वेळी! एकदा तरी बेकरीवालीला मागे टाकायचं, एवढंच हिला हवं होतं.

ती पुन्हा उतरली. पॅडल दगडावर खाडकन आपटलं, हँडल वळलं तरी सायकल सरळच गेली आणि ती पुन्हा गवतात.

"सापडलं!" तो लहान पोरासारखा ओरडला. "तुझी चूक नाही गं! दणके झेलणारा मागचा शॉक मीच बदललाय. कंपनीचा काढून आखूड बसवला. मागची बाजू खाली बसली, पुढचं चाक धरणारा काटा तिरपा झाला. सरळ उतारावर डोळे मिटून सोडावी अशी जाते, पण वळायचं म्हटलं की म्हैस! शिवाय खाली आलेलं पॅडल प्रत्येक दगडाची विचारपूस करतंय."

"मग तुम्ही कसे वळवायचात?"

"वळवतोय कोण? अंगातली रग होती, मागचं चाक फरफटत न्यायचो."

घरी त्याने भांड्यांच्या कपाटामागून जुना शॉक काढला. लांबीत फरक नखाएवढा. पाना बोल्टवर लावला आणि त्याचा हात थांबला.

ती समजली. लांब शॉक म्हणजे मागची बाजू उंच. सकाळी ती आंघोळीला गेली की तो सायकल भिंतीला टेकवून पाय पलीकडे टाकून बघायचा, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं. पाय जेमतेम सायकलच्या आडव्या दांड्यापर्यंत यायचा; आता तेवढाही येणार नव्हता.

"राहू द्या. आहे तशीच नेते."

"गप्प बस. उद्या पण बेकरीवालीची पाठच बघायचीय का?" म्हणत त्याने बोल्ट फिरवला.

आणि शर्यतीच्या दिवशी काय सायकल झाली होती ती! सरळ उतारावर हँडल थरथरायला लागलं, तिने दात आवळले, देवाचं नाव घेतलं. पण वळण आलं आणि तिने नुसतं तिकडे पाहिलं, तर सायकल वळलेलीसुद्धा! दुसरं वळण, तसंच. तिसऱ्या वळणावर बेकरीवाली जरा बाहेर गेली. ही आतून घुसली. कडेला उभा राहून तिचा नवरा घसा फाटेपर्यंत बोंबलत होता, काठी कुठे पडली याचं त्याला भान नव्हतं.

पहिली आली भलतीच कोणीतरी. ही दुसरी. पण बेकरीवाली तिसरी!

घरी येईपर्यंत दोघं एकाच वेळी बोलत होती. तिने सायकलचा चिखल धुतला, सवयीने सीटचा खटका सैल केला आणि सीट वर ओढायला लागली.

"राहू दे," तो म्हणाला.

त्याने खटका पुन्हा आवळायला लावला. मग कपाटातून पांढऱ्या रंगाची डबी आणली, स्टूल ओढून सायकलजवळ बसला आणि तिच्या उंचीवर, दांडा नळीत शिरतो तिथे, बारीक रेघ मारली. त्याची जुनी खूण खाली नळीच्या आत होती.

"वाळेपर्यंत हात लावू नकोस," तो म्हणाला आणि रेघेवर फुंकर घालत बसला.