फाटकावरचा फळा

आमचा मल्हार घरात मला आई म्हणतो अन् माधवनगरच्या कारखान्यात साहेब होऊन माझंच नाव फाटकावरच्या फळ्यावर 'सुस्त कामगार' म्हणून लिहितो. मालकाला आता कुठंच खोट नसलेलं कापड पाहिजे, पण मल्हारचा नियम जुनाच: जास्त मीटर विणेल तो हुशार. धागा तुटला की मी माग थांबवून गाठ मारते, म्हणून मागं पडते. न थांबवावा तर खोट राहून कापड परत येतं, शिव्या मलाच. तिसऱ्यांदा नाव लागलं की कामावरून काढतात.

आज तिसरी खेप. खडू धरून तो पुटपुटला, "आई, नियम हाय."

"लिही रं," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "मालकाला पाहिजे तसं विणणारीलाच तू हाकलतोयस. परत आलेल्या कापडाच्या गाठी आता तूच मारत बस."