हिरव्या चौकड्यांचं दुपटं

"अंगावरचं कापड बंदुकीत घालू नका," असं मिस्त्रीणबाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं.

तिच्या नवऱ्याला ठासणीच्या रायफलीचं वेड होतं. जुन्या तऱ्हेची बंदूक ती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी तेलकट चिंधीत बसवून गजाने ठासत तळाशी न्यायची, तेव्हा कुठे एक बार. तो उडाला की नळी पुसा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दर रविवारी गावापासून लांबच्या एका बंद पडलेल्या खाणीत क्लबचे सातआठ जण जमायचे आणि कागदाला भोकं पाडून घरी यायचे. पण तिचा नवरा कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात. नुसत्या भोकांनी त्याचं पोट कसं भरणार? त्याला पाच बारांची पाचही भोकं शर्टाच्या एका बटणाखाली झाकायची होती. प्रत्यक्षात ती बशीभर पसरत होती, आणि त्या बशीने त्याची झोप उडवली होती.

त्याने गोळ्या वजन करून निवडल्या. दारू कणाकणाने मोजली. गजावर खूण करून प्रत्येक गोळी तितक्याच खोल ठासली. नळी तापू नये म्हणून दोन बारांत बरोबर सहा मिनिटं सोडली आणि प्रत्येक बाराची वेळ वहीत टिपली. बशी काही बटण होईना.

शेवटी तो बंदूक घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेला, तेव्हा सहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन तीही गेली होती. लेकीला घरात सगळे खारू म्हणत. जन्मली तेव्हा दोन्ही मुठी खारीसारख्या तोंडाशी धरून होती, म्हणून.

मिस्त्रींनी नळीत दिवा सोडून पाहिलं. "बंदुकीत काही खोट नाही साहेब. खोट चिंधीत आहे. नळीच्या आतल्या पिळदार खाचांत जाऊन बसते ती चिंधीच, आणि गोळीला फिरकी देते तीही चिंधीच. तुमचं कापड नवं, खरखरीत. फाटतं. घट्ट विणीचं, शंभरदा धुतलेलं सुती बघा. लोण्यासारखं मऊ."

नवऱ्याची नजर खारूच्या अंगावरच्या दुपट्याकडे गेली. तिच्या ते लक्षात आलं. तिच्या लक्षात सगळंच यायचं.

शेजारच्या बाकावर मिस्त्रीणबाई चामड्याची पिशवी शिवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धुवायचं तर ताग्यातलं आणून शंभरदा धुवा. अंगावरचं नको गं पोरी. कापड अंग विसरत नाही."

"मग तर मावशी, आमच्याकडे फरशी पुसायलासुद्धा काही उरायचं नाही," ती हसून म्हणाली. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली बाई. कापूस म्हणजे काय, कशाचा बनलेला, हे तिला तोंडपाठ होतं.

मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. दोरा दातांनी तोडला आणि दुसरा ओवायला घेतला.

त्याच आठवड्यात तिने खारूला अपुरी पडू लागलेली दुपटी काढली. चार पांढरी आणि एक हिरव्या चौकड्यांचं. चौकड्यांचं मुळात तिचं नव्हतंच. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात पाच दिवस काढले, तेव्हा दोरीवरच्या धुण्यात अदलाबदल झाली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचं दुपटं हिच्या पिशवीत आलं. ते घरी आल्यावर कळलं, आणि परत द्यायचं म्हणून ते तिने खारूला कधी गुंडाळलं नाही. त्या बाईची खाट खिडकीशी, हिची दाराशी. पाच दिवस दोघी एकमेकींना 'ओ खिडकीवाली', 'काय गं दारवाली' अशाच हाका मारत होत्या. खिडकीवाली गडगडाटी हसायची, त्याहून मोठ्याने घोरायची. तिचा मुलगा खारूच्या आदल्या दिवशीचा, वजनाला दीडपट. सगळी खोली त्याला पैलवान म्हणायची. त्याच्या डाव्या कानामागे कॉफीचा थेंब सांडावा तसा डाग होता. नाव विचारायचं मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

नवऱ्याने दुपटी कातरली, गोल चकत्या केल्या, मेणातेलात बुडवल्या. पांढऱ्या एका डब्यात, हिरव्या दुसऱ्यात. पहिल्याच रविवारी तो घरी आला तो उड्या मारत.

"बघ! आता वाटीएवढं झालं!"

"बशीची वाटी झाली तर एवढा नाचतोस. बटण झालं की काय करशील?"

"तुला उचलून घेईन."

"कमरेचं माप आधी तपास तुझ्या," ती म्हणाली. दोघं हसले. खारू मात्र त्या दिवशी किरकिरी होती. गाढ झोपेतून दचकायची, हात फाकवायची, पुन्हा झोपायची.

पुढचे रविवार तसेच गेले. तान्ही मुलं दचकतातच, असं डॉक्टर म्हणाले. खारूचं वजन कमी होतं म्हणून त्यांनीच तिला वही ठेवायला लावली होती. दूध किती वाजता, झोप किती, शी कशी. त्या वहीत ती दचकणंही लिहू लागली. तिकडे नवरा एका वेळी एकच गोष्ट बदलत होता, हा त्याचा मंत्रच. आधी दारू किंचित वाढवली. मग गोळी जरा जाड घेतली, चिंधी करकचून बसावी म्हणून. वाटीएवढं होतं ते बाटलीच्या झाकणाएवढं झालं, मग नाण्याएवढं.

आणि खारूचा श्वास अडकू लागला.

आधी हात फाकायचे, मग तोंड उघडायचं, पण आवाज यायचा नाही. ओठ निळसर व्हायचे. ती धावत जाऊन उचलायची, छातीशी घट्ट धरायची, पाठीवरून हात फिरवायची. मग एकदम मोठा हुंदका देऊन श्वास परत यायचा. घटकाभरात मूल खेळायला लागायचं, जसं काही झालंच नाही. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं उत्तम. 

एका रविवारी दुपारी नवरा आंघोळीला गेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची वही उघडी पडली होती, शेजारी तिची. तिने काही मुद्दाम पाहिलं नाही. नजर पडली, एवढंच.

त्याच्या वहीत: दहा बारा. दहा अठरा. दहा चोवीस, 'चिंधी मधोमध जळाली'. दहा तीस.

तिच्या वहीत: दहा बारा, दचकली. दहा अठरा, दचकली. दहा चोवीस, किंचाळली, ओठ निळे, मोजून पंधरा सेकंद. दहा तीस, दचकली.

खाण घरापासून दोन तासांच्या वाटेवर होती. तिथला तोफेचा आवाजसुद्धा इथे आला नसता.

तिने मागची पानं उलटली. पाच रविवार, एकेचाळीस बार. पस्तीस जुळत होते, मिनिटाला मिनिट. सहा जुळत नव्हते. त्या वेळी खारू शांत झोपलेली होती. त्या सहाच्या ओळीवर तिने बोट ठेवलं, तेव्हा तिला थोडं हायसं वाटलं होतं, हे ती आजही कबूल करते. सहा चुकले म्हणजे हा योगायोगच. मग तिने शेजारचा रकाना वाचला. साही ठिकाणी 'कापड' या मथळ्याखाली लिहिलं होतं, 'हिरवं'.

केस पुसत नवरा बाहेर आला. तिने दोन्ही वह्या त्याच्यापुढे सरकवल्या. तो बराच वेळ उभ्यानेच वाचत राहिला.

"अगं, असं कसं असेल?"

"मला नाही माहीत. पण ते कापड आता वापरायचं नाही."

"एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. नीट तपासायचं तर..."

"कोणावर तपासणार आहेस?" ती म्हणाली.

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "बरं. पुढच्या वेळी दुकानातलं कापड नेतो."

पुढच्या रविवारी ती खारूच्या पाळण्याशी डोळ्यांत तेल घालून बसली. दहा वाजले, साडेदहा झाले, अकरा वाजले. खारू झोपली होती, इवल्याशा नाकपुड्या हलत होत्या. अकरा चाळीसला हात फाकले. ओठ उघडले. या वेळी उचलूनही हुंदका येईना. ती पाठीवरून हात फिरवत राहिली, मोजत राहिली. वीस, तीस, चाळीस. पंचेचाळीसला श्वास आला.

तिने फोन लावला. "आत्ता काय भरलंस?"

पलीकडे नुसता वारा.

"बोल ना रे. अकरा चाळीसला काय भरलंस?"

"एकच," तो म्हणाला. "फक्त एकच. मला खात्री करून घ्यायची होती." आणि मग, "झालं का काही?"

तिने फोन ठेवला.

तो आला तेव्हा पांढऱ्या चकत्यांचा डबा त्याने टेबलावर ठेवला.   खिशातून त्याने कागदही काढला. चार भोकं बशीएवढ्या जागेत पसरलेली, आणि पाचवं ठिपक्याच्या बरोबर मधोमध, कंपास टोचावा तसं. त्याने कागद फाडला.  बोलण्यासारखं खूप होतं, पण आधी चकत्या मोजायच्या होत्या.

पांढऱ्या मोजून बरोबर निघाल्या. त्या आता पेटीत कुलूपबंद आहेत. जाळायची तिची छाती होत नाही.

"हिरव्या?"

"त्या लंबूला दिल्या. मागच्याच महिन्यात."

लंबू क्लबातला सगळ्यात उंच गडी. तो स्पर्धेसाठी दुसऱ्या गावी गेला होता, मोठ्या मैदानावर सराव करायला. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"वहिनी! अहो, काय कापड दिलंय! बटण सोडा, टाचणीच्या डोक्याखाली पाच बार! अजून आहे का?"

"भावजी, ते वापरू नका. किती उरल्यात?"

"दहा. अगदी जपून ठेवल्यात. अंतिम फेरीत दहाच बार असतात. रविवारी, सकाळी दहाला पहिला, मग दर सहा मिनिटांनी एक."

तिने सगळं सांगितलं. खारू, वह्या, सहा ओळी, खिडकीवाली. मध्ये न थांबता, न रडता सांगितलं. शेवटी पलीकडून हसू फुटलं.

"नवरोबाने पढवून बसवलंय वाटतं तुम्हाला! सांगा त्याला, हरायची एवढी भीती असेल तर समोर येऊन हर म्हणावं."

त्यानंतर तो फोन उचलत नाही. हसला म्हणून ती त्याला दोष देत नाही. मिस्त्रीणबाईंपुढे तीही अशीच हसली होती.

नवरा काल निघाला आहे. वाट दोन दिवसांची, मध्ये तीन गाड्या बदलायच्या. पोहोचेल किंवा नाही पोहोचणार. पोहोचला तरी लंबू ऐकेलच असं नाही. दवाखान्यात ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्या बाळंतिणीचं नाव आम्ही सांगू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. नियमच आहे, त्यांचंही काही चुकत नाही. मिस्त्रीणबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "त्या पोराला वेळेवर उचलणारं कोणी आहे का जवळ?"

तेच तर तिला माहीत नाही. म्हणून ती आता भेटेल त्याला विचारते आहे, आणि तुम्हालाही विचारते.

तुमच्या इमारतीत, गल्लीत, ओळखीत असा एक मुलगा आहे का बघा. आठएक महिन्यांचा, अंगाने थोराड, डाव्या कानामागे कॉफीच्या थेंबासारखा डाग. आई गडगडाटी हसते. अलीकडे तो विनाकारण दचकतो, असं ती म्हणाली असेल. असेल तर रविवारी दहाच्या आधी त्यांच्या दारावरची घंटा वाजवा. वेडं म्हणाले तर म्हणू द्या. चहाला थांबा, काहीही सबब सांगा, पण पोराजवळ बसा. हात फाकले की उचला, छातीशी धरा, पाठीवरून हात फिरवा, आणि श्वास आला नाही तरी हात थांबवू नका. येतो. उशिरा येतो, पण येतो.

आणि एकदा आला म्हणून घरी जाऊ नका. दोन बारांत सहा मिनिटं असतात. दहाही बार मोजा.