दार उघडणारे हातमोजे

तेर्येने दुकानातला गल्ला काढून टाकला त्या दिवशी मी त्याच्याशी कडाकडा भांडले. दुकान त्याचं, हे कबूल, पण त्या गल्ल्यामागे उभी राहून केस माझे पांढरे झाले होते. तेर्येने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बोर्गहिल्ड, पगारी माणूस ठेवला तर दुकान बंद करावं लागेल, माणसाशिवाय चालवलं तर निदान उघडं तरी राहील. दाराशेजारी त्याने एक काळी डबी बसवली. मोबाइलवरचा क्यूआर कोड तिच्यासमोर धरायचा, की दार उघडतं. आत जाऊन दूध घ्या, पिशवीवरचा कोड यंत्राला दाखवा, मासे घ्या, त्यांचाही दाखवा, कार्डाने पैसे भरा, आणि चालू पडा. कोणाशी हूं की चूं करायला नको.

खोटं कशाला बोलू, सोय झाली. पहाटे रस्त्यावरचा बर्फ काढायला निघणारी माणसं वाटेत पाव घेऊन जायला लागली. मलाही हळूहळू सवय झाली. फक्त आयलिफला होईना.

आयलिफ नदीपलीकडे राहतो. जन्मभर जंगलात झाडं तोडली त्याने, आता एकटाच असतो. मी गल्ल्यावर असताना रोज दहाच्या सुमारास यायचा आणि एकच वस्तू न्यायचा. आज दूध, उद्या बटाटे. सगळं एकदम का नेत नाहीस म्हटलं की म्हणायचा, विसरलो. शिवाय तपकिरी चीजवरून आमची रोज जुंपायची. त्याला निव्वळ बकरीच्या दुधाचं लागतं. मी म्हणायची, साबण खातोस तू. तो म्हणायचा, तुझ्या जिभेला चवच नाही. मागे लोक ताटकळत, पण आमचं संपल्याशिवाय मी पुढचं गिऱ्हाईक घेत नसे.

त्याच्या मुलीने, सिवने, त्याला मोबाइल आणून दिला होता. पण करवत धरून धरून बोटं अशी राठ झालेली की त्या काचेला ती बोटं वाटतच नसत. मग हा गडी दुकानाबाहेर उभा राहून सूचनाफलक वाचायचा. फलकावर हरवलेल्या मांजराची एक जाहिरात, तीही गेल्या शरदातली. मी यायची, डबीला मोबाइल दाखवायची, आणि हा माझ्यामागून आत शिरायचा. "अरे, तूही आलास?" असं मी रोज विचारायची, आणि तोही रोज योगायोगाने आल्यासारखं दाखवायचा. दाराचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. आमच्या खोऱ्यातला माणूस बर्फात गाडला जाईल, पण जरा हात देता का, असं तोंडाने म्हणणार नाही.

फेब्रुवारीत मला ताप आला आणि मी अंथरुणाला खिळले. तेवढे दिवस आयलिफ फलक वाचत उभा राहिला. लोक आले, गेले. कोणीही त्याला आत घेतलं असतं, पण त्याने विचारलं नाही, आणि वाचत असलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी हटकत नाही. नेमकी तेव्हाच सिव ती राहते त्या ट्रोनहाइम शहरातून आली. तिने बापाचं कपाट उघडलं तर आत वाळका पाव आणि कॉफी, बास.

तिने मला फोन केला. वाईट नाही ती पोरगी, रडत होती. म्हणाली, ईस्टरपर्यंत बघते. बाबा कोणाच्या मदतीशिवाय दुकानात जाऊ शकले नाहीत तर मी त्यांना माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात नेणार, मग कोणी काही म्हणो.

बरं वाटल्याबरोबर मी तणतणत आयलिफकडे गेले. तोंड शिवलं होतं का तुझं, म्हणून चांगला झापला. तो कॉफी ढवळत म्हणाला, "लोकांना घाई असते गं." मला एकदम रडूच आलं. हा गेला तर रोज दहाला माझ्याशी भांडायला कोण येणार? मला तो इथे हवा होता. या वयात असं कबूल करायची लाज वाटते, पण होतं तसं.

तेर्येकडून मी आयलिफच्या नावाचा कोड कागदावर काढून आणला आणि त्याला म्हटलं, हा गळ्यात अडकव. तर म्हणे, "बिल्ला लावून फिरायला मी मेंढी आहे काय?" मी तो कागद रागारागाने विणकामाच्या टोपलीत टाकला, आणि तिथेच माझी नजर अडली. कागदावर काळे-पांढरे चौकोन, टोपलीत काळी-पांढरी लोकर. आमच्या खोऱ्यातले हातमोजे काळ्या-पांढऱ्या नक्षीचेच असतात. एक चौकोन म्हणजे एक टाका, यात अवघड ते काय?

अवघड वेगळंच होतं. तसले हातमोजे आमच्याकडे बाई विणते ते आपल्या घरच्या माणसासाठी. परक्या पुरुषासाठी विणले तर खोरं लग्नाच्या केकचीच चौकशी करायला लागतं. तेर्येनेही भुवया उडवल्या. "आयलिफसाठी? हातमोजे?" म्हटलं, दारासाठी, आणि असं बघितलं की त्याने भुवया खाली घेतल्या.

त्या कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन ठसठशीत चौकोन असतात. इतके कुरूप, की माझ्या सुया पुढे सरकेनात. मी त्यांच्या जागी आमचं आठ पाकळ्यांचं फूल घातलं. डबीसमोर धरलं तर लाल दिवा काही जाईना. तेर्ये हसून हसून खाली बसला. "अगं बाई, ते तीन चौकोन बघूनच डबीला कोड कळतो. तू तेच काढलेस." मग डोळे पुसत म्हणाला, मधे थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं, कोपऱ्यांना हात लावू नकोस. सगळं उसवलं, पुन्हा विणलं. फूल बारीक करून मधोमध बसवलं. फुलाशिवाय हातमोजा माझ्या हातून बाहेर जाणार नव्हता. या वेळी दार उघडलं.

आयलिफसमोर जोडी ठेवली आणि म्हटलं, थंडी आहे, घाल. त्याने ती कितीतरी वेळ उलटीपालटी करून पाहिली.

"फूल घातलंस," तो म्हणाला.

"जागा होती," मी म्हटलं.

ईस्टरला सिव आली. आम्ही तिघं दुकानात गेलो. मी मुद्दाम मागे राहिले, मोबाइल पर्समध्ये. आयलिफने गाडी थांबवावी तसा हात वर केला, हिरवा दिवा लागला आणि दार सरकलं. सिव हसायला लागली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. आयलिफने दूध, बटाटे, चीज, सगळं एकदम घेतलं. सिव ट्रोनहाइमला एकटीच परत गेली.

मी आनंदात घरी आले, कॉफी ओतली, आणि माझा चेहराच उतरला. आता आयलिफला दारात थांबायचं कारणच उरलं नव्हतं. ते मीच संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जावं की नाही असं करत करत दहाला गेले. तर आयलिफ फलकासमोर उभा, मांजराची जाहिरात वाचत. दोन्ही हात खिशात, आणि एका खिशातून काळ्या-पांढऱ्या लोकरीची कड बाहेर डोकावत होती.

"दार उघडत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"हातमोजे कुठे आहेत?"

"विसरलो." तो मांजराकडेच बघत होता. मग हळूच म्हणाला, "काल घरी जाऊन चीज खाल्लं. दुकानात कोणी नावं ठेवली नव्हती त्याला. चव लागली नाही."

मी मोबाइल काढला. जरा तिरपाच धरला, त्यामुळे डबीला कोड लवकर वाचता येईना, आणि मलाही घाई नव्हती.

"साबण खातोस तू," मी म्हटलं, आणि दार उघडलं.