कावळ्याला दिलेला शब्द

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून तास उलटला होता आणि मुसी नदीकाठच्या कट्ट्यावर आम्ही उन्हात उभे होतो. 'ग्रॅनाइट' या बँडचे चाहते म्हणून उरलेले तिघेच: मी, उमाजी आणि रंजना. तिघेही सत्तरीपार.

दिलीप त्या बँडचा गिटारवाला, गाणाराही तोच. पन्नास वर्षांपूर्वी विद्यानगरची सगळी पोरं त्यांच्यावर जीव टाकत. ड्रमवाला करोनात गेला, पाठोपाठ दुसरे दोघे. दर वेळी आम्ही सुलतान बाजारातल्या हॉटेलात बसून चहाबरोबर रडलो. आता शेवटचाही गेला.

त्यांची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. शहात्तर सालच्या एका कार्यक्रमाची कॅसेट तेवढी होती, मी भरलेली. तिच्या जोरावर मी जन्मभर मिरवलो. दिलीप भेटला की म्हणायचा, "यशवंत, एकदा ऐकव ना यार. माझा तेव्हाचा आवाज मलाच आठवत नाही."

"माळ्यावर आहे, काढतो," मी म्हणायचो.

माळ्यावर कॅसेट होती, गाणी नव्हती. पंच्याऐंशी साली एका रविवारी आमचा अमित पहिल्यांदाच न अडखळता पाढे म्हणाला. घरात कोरी कॅसेट नव्हती. गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून 'ग्रॅनाइट'च्या कॅसेटची वरची पट्टी मीच मोडली होती; त्या भोकावर मीच कागद चिकटवला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पाढ्यांनंतर माझ्या बायकोने, शांताने, भजनं म्हटली. दोन्ही बाजू भरल्या. मी वाहवा करत बसलो होतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही, दिलीपला तर नाहीच.

त्याची मुलगी तेजश्री पिंडासमोर हात जोडून म्हणत होती, "पप्पा, आईला मी बघते. गिटार कुणाला देणार नाही." कावळा लिंबाच्या फांदीवर मान फिरवून बसलेला. शेवटी गुरुजींनी दर्भ हातात घेतला आणि म्हणाले, "चला, दर्भाचा कावळा करू." पोरीचा चेहरा पाहवेना. बाप अतृप्त गेला, हे ती जन्मभर उराशी धरून बसली असती.

उमाजीने मला कोपराने ढोसलं. "मियां, त्याचा जीव तुझ्या टेपमध्ये अडकलाय. हौल्यासारखा, येड्यासारखा उभा काय राहतो? बोल की."

मी पुढे झालो. "दिलीप, ती टेप मी तेजश्रीला देतो. आजच."

कावळा खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली. कावळ्याला सगळं कळतं म्हणतात. त्याला काही म्हणजे काही कळत नाही. रंजना हुंदके देत होती. तेजश्री माझ्या पाया पडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती कुणाचा तरी जुना टेपरेकॉर्डर मागून घेऊन आली. दारातच खरं सांगायचं मी ठरवलं होतं. पण रडून सुजलेले तिचे डोळे आज पहिल्यांदा हसत होते. मी कॅसेटची डबी पुढे केली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'ग्रॅनाइट, १९७६'.

"बे एके बे," टेपमधून अमित म्हणाला.

तेजश्री माझ्याकडे पाहून हसली आणि ऐकत राहिली. पाढे संपले, शांताचं भजन सुरू झालं.

"काका, पप्पा याच्यानंतर असतील ना?"

"हो," मी म्हणालो.

ती मांडी घालून टेपरेकॉर्डरच्या आणखी जवळ सरकली.