माझ्या पोटातला केस

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि सध्या एका उंच कपाटावर, चेन तुटलेल्या पिशवीत पडून आहे. माझ्या भिंगाचं झाकण केव्हाच हरवलं, त्यामुळे माझा डोळा सदान्कदा उघडा असतो. इथून मला जे दिसतं ते या घरात कुणालाच दिसत नाही. म्हणून तर तुम्हाला हाक मारतोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण लग्नं टिपू, बारशी टिपू, चार माणसं आपल्यासमोर नटून उभी राहतील. कसलं काय! माझ्या वाट्याला आल्या भिंती. माझी मालकीण संगणकावरच्या खेळांसाठी भिंतींची चित्रं बनवते. ढगाळ हवा बघून ती मला बाहेर काढायची, म्हणजे सावल्या पडत नाहीत. मग विटा, फरश्या, गंजके पत्रे, पोपडे. समोरच्याला "जरा हसा" म्हणायचीही सोय नाही!

पण तिचं काम बघत राहावं असं. माझ्या फोटोतून ती एक चौकोनी तुकडा कापते. तोच तुकडा शेजारीशेजारी, वरखाली मांडत गेलं की खेळातली अख्खी गल्ली उभी राहते. मात्र जोड दिसता कामा नये. म्हणून ती तुकडा अर्धा सरकवते, कडा मधोमध आणते आणि आजूबाजूचा रंग उचलून जोडावर फासते. शिवाय नजरेत भरेल असा एकही डाग ठेवायचा नाही. एक डाग राहिला तर तो हजार ठिकाणी उमटतो, आणि खेळणाऱ्याला लबाडी कळते. डाग पुसण्यात तिचा हात असा बसला होता, की गप्पा मारता मारता पुसायची.

त्यात माझाही एक डाग होता. खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात एक बारीक केस अडकला होता. प्रत्येक फोटोत तो काळ्या रेघेसारखा उमटायचा, आज इथे, उद्या तिथे. "आला बघ म्हाताऱ्याचा केस!" म्हणून ती हसत पुसून टाकायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिचे बाबा गवंडी. आता हातातली थापी सुटली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. मी ज्या खोलीत आहे तिची बाहेरची भिंत त्यांनी स्वतः बांधली, स्वतः गिलावा केला. मालकीण तेव्हा आईच्या पोटात होती. तिनं पहिल्यांदा त्या भिंतीचा तुकडा एका खेळात घातला, तेव्हा बाबांना काय आनंद झाला! पडद्याला नाक लावून म्हणाले, "म्हणजे माझ्या भिंतीला आता जगभरची पोरं टेकणार म्हण की!" तेव्हा मलाही पुसून-पुसून ठेवायचे. ते दिवस फार चांगले होते.

पुढे शेजारच्या रिकाम्या जागेवर खोदकाम सुरू झालं. मोठं यंत्र आलं. दिवसभर धाड धाड धाड. कपातला चहा थरथरायचा. त्याच सुमारास खेळवाल्यांनी तीच भिंत आणखी मोठ्या आकारात मागितली. त्याआधी मालकिणीनं मला दुरुस्तीला टाकलं होतं. दुरुस्तीवाला मोठा हुशार. त्यानं माझं पोट उघडलं, केस चिमट्यानं काढला, एका चिठ्ठीवर लिहिलं, "केस काढला. आत आता काहीही नाही." आणि ती चिठ्ठी माझ्या पिशवीच्या बाजूच्या खिशात सरकवली.

ती चिठ्ठी कुणी वाचली नाही.

मी ताठ मानेनं घरी आलो. ढगाळ दुपार बघून मालकिणीनं मला तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलं, भिंतीचा फोटो घेतला, पडद्यावर उघडला. वर उजव्या कोपऱ्यातून एक काळी रेघ तिरपी उतरत होती.

"हात तुझी! साफ करून आणला तरी मेला केस आहेच," ती म्हणाली.

अहो, माझा नव्हता तो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागानंतर लगेच मला भीती वाटली. केस माझा नाही, तर ती रेघ कुणाची? मालकिणीनं मान वर करून समोरच्या भिंतीकडे एकदा बघायला हवं होतं. काम उद्यावर आलेलं, तिची नजर पडद्यावरच. चार फटकाऱ्यांत तिनं तडा पुसला. भिंत कशी नितळ झाली!

आठवड्यानं तिचा दादा आला. धाड धाड ऐकून तो अस्वस्थ झाला. "बाबा, शेजारी एवढं खोदताहेत. ही भिंत एकदा कुणाला तरी दाखवू या."

बाबा भडकले. "कुणाला? मला सोडून माझी भिंत कोण बघणार?"

"तुम्हाला दिसतं कुठे आता?"

बाबा पडद्याकडे सरकले. मग म्हणाले, "पडद्यावर मोठं दिसतं की. दाखव गं मला माझी भिंत."

मालकिणीनं नवा तुकडा उघडला. बाबांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नाक फिरवलं. गवंड्याची नजर ती, काही म्हणून सोडलं नाही. "बघ," ते दादाला म्हणाले, "केसभर तडा नाही. अजून दोन पिढ्या बघायला नको."

"तू यात काही बदललंस का गं?" दादानं बहिणीला विचारलं.

"छे रे. जोड लपवलेत आणि कॅमेऱ्याचा केस काढलाय. बाकी भिंत जशीच्या तशी."

ती खोटं बोलली नाही, मित्रांनो. तिला खरंच तसं वाटत होतं. दादाचा जीव भांड्यात पडला आणि तो निर्धास्त होऊन घरी गेला. बाबांनी तर आपली आरामखुर्ची ओढत आणली आणि त्याच भिंतीला टेकवली. आता रोज जेवण झालं की ते तिथेच डुलकी काढतात.

केस जात नाही म्हणून मालकिणीनं नवा कॅमेरा घेतला आणि मला या कपाटावर ठेवलं. नेमकं त्या रेघेशेजारी. परवापर्यंत ती माझ्या पट्ट्याएवढी रुंद नव्हती. काल झाली. यंत्र धाडकन आदळलं की त्यातून वाळू सुटते आणि माझ्या डोळ्यावर पडते. मी ओरडू शकत नाही. मला फक्त बघता येतं.

आज सकाळी त्या फटीतून पलीकडचा उजेड आत आला.

मित्रांनो, कुठेही डाग दिसला तर पुसण्याआधी तो कुणाचा आहे, एवढं बघत जा. आणि तुमच्यापैकी कुणी या घरी येणार असाल, तर आधी माझ्या पिशवीच्या खिशातली ती चिठ्ठी मालकिणीला वाचून दाखवा. तिला म्हणावं, पडदा सोड आणि मान वर कर.

स्वयंपाकघरातून ताटं उचलल्याचा आवाज येतोय. बाबा हात धुताहेत. लवकर या. खुर्ची अजून रिकामी आहे.