टोपीसकट तोललेला हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दचकू नका. मला बोटे नाहीत, मनगट नाही आणि मी कधी कुणाला चापट मारलेली नाही. रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रावर जो बारीक, वळणदार, चंदेरी दांडा असतो, तो मी. जाणकार मला टोनआर्म म्हणतात. माझ्या पुढच्या टोकाला पिन असते. ती फिरत्या रेकॉर्डच्या रेघेतून चालते आणि तिला जे सापडते ते माझ्या पोटातल्या केसाएवढ्या चार तारांमधून पुढे जाते. माझ्या शेपटीकडे एक गोल वजन असते. ते पुढे-मागे फिरवून पिनेचा भार ठरवतात.

जन्मभर मी दुसऱ्यांचे आवाज पोहोचवले. स्वतःविषयी बोलायची ही पहिलीच वेळ. त्यामुळे कुठून सुरुवात करावी आणि किती सांगावे, हे मला नीट उमगत नाही. एखादी गोष्ट दोनदा सांगितली, तर रेकॉर्ड अडकली असे समजा आणि मला हलकेच पुढे ढकला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या सांध्यात मोहरीहून लहान पोलादी गोळ्या चिमट्याने बसवल्या आणि माझ्यावर फुंकर घातली. मी डुललो आणि सावकाश थांबलो. "हा बरा आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी. 'उत्तम' नव्हे, 'बरा'. पण तेवढ्यावर मी पुष्कळ वर्षे काढली.

पुढे एका वाचनालयातल्या ऐकण्याच्या खोलीत मला काम मिळाले. तिथल्या ग्रंथपालबाई मला दोन बोटांनी असे उचलत, जसे झोपलेल्या बाळाच्या गालावरचे केस बाजूला करावेत. दर गुरुवारी एक छत्रीवाले गृहस्थ पक्ष्यांच्या आवाजांची रेकॉर्ड मागत आणि तिसऱ्या पक्ष्याला घोरू लागत. मला ते सुख वाटे. मग एके दिवशी यंत्राची मोटार जळाली. खोके भंगारात गेले. कारकुनाने मला उचकटून काढले आणि "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणत बिस्किटांच्या डब्यात टाकले.

मित्रांनो, 'कधीतरी' हा फार लांबचा वार असतो. त्या डब्यात कुलपे हरवलेल्या किल्ल्या होत्या आणि चष्म्याची एक मोडकी दांडी होती. तिच्याशी माझे जमले. दोघेही कुणाच्या तरी कानासाठी जन्मलेलो.

पुढे तो डबाही भंगाराच्या दुकानात गेला. तिथून मला बाहेर काढले ते एका निवृत्त घड्याळजींनी. घरात त्यांना दादा म्हणत. म्हणजे म्हणणारी एकच व्यक्ती होती, त्यांची धाकटी बहीण. ती शिवणकाम करायची. सत्तरीला टेकलेल्या त्या बहिणीला दादा अजून चिमे म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी दादांचे टेबल होते आणि समोरच्या भिंतीला चिमीताईंचे शिलाई मशीन. दोघे पाठीला पाठ लावून काम करत आणि दिवसभर भांडत.

दादांनी डबा उघडला. धूळ उडाली. चिमीताईंना शिंक आली. दादांनी बोट वर करून म्हटले, "अजून एक." लगेच दुसरी आली. ताईंना नेहमी दोनच शिंका येत, आणि पहिल्या शिंकेनंतर 'अजून एक' म्हणायची त्यांच्या आईची सवय दादांनी पुढे चालवली होती.

"हे काय आणलंस?" ताईंनी नाक पुसत विचारले.

"हात."

"नुसता हात? बाकीचा माणूस कुठाय?"

बाकीचा माणूस माळ्यावर होता. चांगली मोटार असलेले, पण हात मोडलेले एक यंत्र दादांनी तिथे जपून ठेवले होते. आणि हे सगळे कशासाठी, तर एका तबकडीसाठी. त्यांच्या आईने तरुणपणी एका छोट्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गाऊन ती करून घेतली होती. दोन बाजू, दोन गाणी, प्रत एकच. असल्या एकुलत्या तबकड्यांचे अंग मऊ असते. ती घरी आली त्याच दिवशी बोथट पिनेच्या यंत्राने तिची पहिली बाजू खरवडून टाकली. आईने तबकडी मऊ कापडात गुंडाळली आणि सांगितले, "चांगलं यंत्र मिळेल तेव्हाच दुसरी बाजू लावा." यंत्र मिळेपर्यंत आईच राहिली नाही.

त्या तबकडीवरून या भावंडांचे साठ वर्षांचे भांडण होते. ताई म्हणत, "आई गात होती तेव्हा मी आत होते. आईचा पदर माझ्या हातात होता, मला आठवतंय." दादा म्हणत, "काहीतरीच. तू चार वर्षांची. तुला काकूकडे ठेवलं होतं. आत मी होतो." आता तर ताईंचा डावा कान पार गेला होता आणि उजवाही निरोप घ्यायच्या बेतात होता. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणायची सोय उरली नव्हती.

दादांनी मला बसवायला घेतले. फिरत्या थाळीच्या मधल्या खिळ्यापासून माझा खांब किती अंतरावर यावा, याचा कागदी नकाशा त्यांनी काढला. तीनदा मोजला, चौथ्यांदा पुसला.

"वहिनीला बघायला गेलास तेव्हा एवढा वेळ नाही लावलास," ताई मशीनवरून म्हणाल्या.

"तिला भोक पाडायचं नव्हतं," दादा म्हणाले.

शेवटी फळीत भोक पडले आणि मी उभा राहिलो. चार तारा चार रंगांनी जुळल्या. टेबलाच्या एका पायाखाली जुने पोस्टकार्ड दुमडून घातले, तेव्हा थाळी सपाट झाली. पिन नवी आली, तिच्यावर प्लास्टिकची इवलीशी टोपी होती. मग दादांनी माझे वजन फिरवत फिरवत मला असे तोलले, की मी हवेत आडवा तरंगलो, ना वर ना खाली. तिथून त्यांनी पिनेला हवा तेवढा, दोन ग्रॅमचा भार दिला. किती दिवसांनी कुणी मला तोलत होते! मला वाटले, आपण अजून 'बरे' आहोत.

आधी परीक्षा म्हणून कवायतीची एक जुनी रेकॉर्ड लावली. दादांनी पिनेची टोपी काढली आणि मला खाली सोडले. एक खणखणीत आवाज म्हणाला, "हात वर. एक, दोन, सात. खाली वाका. एक, आठ, उडी."

ताईंनी हौसेने हात वर केले होते. त्या म्हणाल्या, "हा माणूस मला मारून टाकेल."

दादांनी पुन्हा लावली. मी पुन्हा उडालो. मित्रांनो, मी जीव तोडून रेघ धरायला बघत होतो. पण पाय टेकतच नव्हते. दादांचा चेहरा उतरला. "सांधा गेलाय याचा," ते म्हणाले. "हा असा उड्या मारत आईच्या तबकडीवर चालला, तर दुसरी बाजूही गेली. नको. राहू दे, चिमे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे नाहीच लावायची."

ताईंच्या मशीनचे चाक थांबले. दादांनी बारीक पेचकस उचलला आणि माझा सांधा उघडायला वाकले. त्या मोहरीहून लहान गोळ्या एकदा सांडल्या, की त्या वयात त्यांना सापडल्या नसत्या आणि मी परत डब्यात गेलो असतो. खरे सांगतो, मला स्वतःलाही वाटू लागले होते, की दोष माझाच असणार. मला नेहमीच तसे वाटते.

तेवढ्यात चिमीताईंना शिंक आली.

"अजून एक," दादा सवयीने म्हणाले.

दुसरी शिंक इतकी जोरदार होती, की टेबलावरची पिनेची टोपी उडून खाली पडली. ताई वाकल्या आणि फरशी चाचपत तिला शोधून त्यांनी तळहातावर घेतले. जन्मभर बटणे हाताळलेला हात तो. "सदऱ्याच्या बटणापेक्षा जड आहे की ही," त्या म्हणाल्या. "दादा, तू तोललंस तेव्हा ही कुठे होती?"

"पिनेवर! अगं, नाजूक भाग शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवायचा असतो. चाळीस वर्षं घड्याळं काय उघडी टाकून केली मी?"

"म्हणजे चपला घालून वजन केलंस," ताई म्हणाल्या, "आणि आता बिचाऱ्याला अनवाणी पळवतोयस. उडेल नाही तर काय!"

दादांनी पेचकस खाली ठेवला. टोपी छोट्या काट्यावर घातली. एक ग्रॅमहून जास्त भरली. पिनेवर निम्मा भारसुद्धा उरला नव्हता. तुम्हाला वाटेल, हलका भार बरा. तसे नाही. अर्धवट टेकलेली पिन रेघेत नीट बसत नाही, ती आपटत जाते. दादांनी टोपी उचलून पुन्हा काट्यावर ठेवली. मग म्हणाले, "चिमे, हे बाहेर कुठे बोलू नकोस."

"बाहेर नाही बोलणार. घरात रोज बोलेन."

त्यांनी मला पुन्हा तोलले, या वेळी उघड्या पिनेनिशी. त्यांची फुंकर त्या कारखान्यातल्या बाईंसारखीच होती. कवायतवाल्याने एकही आकडा गाळला नाही. मग ताईंनी मऊ कापड सोडले, उजवा कान यंत्राकडे केला आणि दादांनी मला आईच्या गाण्यावर ठेवले.

मी पाय टेकला. रेघ ताजी होती. तिच्यावरून आधी कुणीच चालले नव्हते. आई गाऊ लागली, थोड्या बुजऱ्या, स्वच्छ आवाजात. दुसरे कडवे निम्मे झाले आणि मधेच एक बारीकशी शिंक ऐकू आली.

गाणे थांबले. आई हसत म्हणाली, "अजून एक."

लगेच दुसरी शिंक आली. आई पुन्हा हसली आणि तिथूनच पुढे गाऊ लागली.

गाणे संपले, मी शेवटच्या रेघेत फिरत राहिलो. अखेर दादा म्हणाले, "मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मी फार प्रश्न विचारतो म्हणून."

"साठ वर्षं!" ताई म्हणाल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मला तिकडे तोंड नसल्याने दिसले नाही.

मित्रांनो, आता मी खिडकीशी असतो. आईचे गाणे फक्त तिच्या वाढदिवशी लागते, एरवी कवायत. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला ओढू नका, उचला. त्याच्या पिनेवरची धूळ मऊ कुंचल्याने मागून पुढे झटका. आणि तो उड्या मारू लागला, तर त्याला डब्यात टाकण्याआधी एवढेच बघा, की त्याचे वजन करताना त्याची टोपी काढली होती ना. माणसांचेही तसेच असेल का, हे मला ठाऊक नाही. मी आपला हात आहे.